गाळलेलं कार्ड

शाळकरी मुलांसाठीच्या इंग्रजी-मराठी कोशाची कार्डं सासरे हातानं लिहायचे आणि सूनबाई ती टाइप करायची. सहा वर्षं हा कारभार सुखानं चालला होता. पण हल्ली सासऱ्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सोमवारी त्यांनी पेन कपाटात टाकलं आणि जाहीर केलं, "बास झालं. उरलेली अक्षरं दुसरं कुणीतरी करेल."

"तुम्ही सांगा, मी लिहिते," सूनबाई म्हणाली.

"मी काय पोपट आहे?"

झालं, विषय संपला. पण पेन ठेवल्यापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दिवसभर खिडकीशी गप्प बसून असायचे. 

गुरुवारी शेवटचा गठ्ठा टाइप करताना ती अडखळली. 'क्वाइट'च्या पुढे थेट 'क्विझ'. मधला 'क्विव्हर' गायब! जन्मात कधी एक वेलांटी न चुकलेल्या माणसानं अख्खा शब्द गिळला? मग तिला अर्थ आठवला: थरथरणे. तिला हसूही आलं आणि रडूही.

ती तशीच उठली, फडताळातले जाडजूड कोश काढले, दुपारभर खपली आणि स्वतःच कार्ड लिहून त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाबा, हा राहिला होता. तपासा ना."

सासरे ओशाळले. तरी सवयीनं चष्मा चढवून वाचू लागले. 'थरथरणे, कापणे. मूळ: बहुधा एक जुनं इंग्रजी विशेषण, अर्थ तरतरीत.'

"तरतरीत?" सासरे उसळले. "चहानं येते ती तरतरी! इथे चपळ हवं, चपळ. पेन आण!"

तिनं धावत जाऊन पेन आणलं. त्यांनी 'तरतरीत' खोडून वर 'चपळ' लिहिलं. तीन अक्षरांना पाच मिनिटं लागली. 'च' तिरका पडला आणि 'ळ' पार कार्डाच्या कडेला गेला.

"वाचता येतंय?"

"येतंय की!"

"खोटारडी. माझं मलाच येत नाहीये." त्यांनी पेन आणि कार्ड तिच्या हातात दिलं. मग स्वतःच खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी येऊन बसले.

"चल, मी सांगतो, तू लिही. आणि सूनबाई, लक्ष ठेव माझ्यावर. भीती वाटली की मी शब्द गाळतो."