तुळशीच्या लग्नापर्यंत

तारवाला दारात उभा राहिला तेव्हा शेजारच्या बायडाबाईनं भिंतीला हात टेकला. तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच तिला ठाऊक.

"आधी वाच की गं," ती म्हणाली.

कालिंदीनं वाचली. तिचा धाकटा भाऊ वसंत सुखरूप होता. सुएझचा कालवा बंद झाल्यामुळं त्याची बोट आफ्रिकेला वळसा घालून येणार होती. तीन आठवडे उशीर.

"एवढंच व्हय? मग तोंड का पडलं तुझं?"

कालिंदीनं मनातल्या मनात दिवस मोजले. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, आणि तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

आई गेली तेव्हा कालिंदी सोळा वर्षांची होती, वसंत सहा. वडील त्याआधीच गेलेले. तिनं शिक्षिकेची परीक्षा दिली, मुलींच्या शाळेत लागली, आणि वसंताला वाढवता वाढवता अडतिसाव्या वर्षाला येऊन पोचली. लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, वसंताचं शिक्षण होऊ दे. ते व्हायचं नाव घेईना. बी.एस्सी. झाला, मग लोकरीच्या रंगाचं शास्त्र शिकायला विलायतेत लीड्सला गेला, त्यालाही तीन वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला शिक्षकांच्या शिबिरात जयसिंगपूरचे केशवराव उपळेकर तिला भेटले. गणित शिकवायचे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात म्हातारी आई. शिबिराच्या शेवटच्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी सरळच लग्नाचं विचारलं. आपल्याला कुणी असं विचारील, हे तिनं कधीच मनातून काढून टाकलं होतं. होकार तिच्या तोंडावर आला होता. पण ती म्हणाली, वसंत मे महिन्यात येतोय, त्याच्या कानावर घालते आणि कळवते.

मे महिन्यात वसंताचं प्रयोगशाळेतलं काम संपलं नाही. मग कार्तिक ठरला. या गोष्टी तिला पत्रात लिहवेनात. तीनदा निळा कागद घेऊन बसली आणि तीनदा हवापाण्याचं लिहून मोकळी झाली. केशवराव थांबले. आई आता अंथरुणाला खिळली आहे, तुळशीच्या लग्नापर्यंत वाट पाहतो, एवढंच त्यांनी कळवलं.

तारेच्या दिवशीच तिनं त्यांना लिहिलं की बोट लांबली, आणखी महिनाभर थांबावं. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. अक्षर नेहमीसारखं नेटकं होतं. वडीलधाऱ्यांनी नेसरीची एक मुलगी पक्की केली होती, आपल्याला मोडता घालता आला नाही, आपला काही दोष नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मार्गशीर्षातल्या पहिल्याच मुहूर्तावर ते लग्न लागलं. त्या दिवशी वसंताची बोट अजून समुद्रातच होती.

तो आला, तो नऊ दिवसांसाठी. सुट्टी मोजकी होती आणि परत जातानाही आफ्रिकेवरूनच जायचं, म्हणून घरी राहण्याचे दिवस आटले होते. कालिंदीनं रजा काढली होती. पण पहिले दोन दिवस भेटायला येणाऱ्यांत गेले. मग आजऱ्याच्या मामांकडं तीन दिवस जाणं भाग पडलं. जुन्या शाळेत सत्कार झाला. दोन घरची माणसं आपापल्या मुलीचं स्थळ घेऊन येऊन बसली. वसंत सगळीकडं हसून बोलायचा, पण घरी आला की खिडकीशी बसून राहायचा. एकदा जेवताना तो म्हणाला की तिथं खोलीत रविवारभर कुणाचा आवाज कानावर पडत नाही, आणि इथं आल्यावर हा गलका सोसत नाही. पुढं, ताटात बघतच, त्यानं सांगितलं की तिथंच एका गिरणीत जागा मिळतेय, ती घ्यायची ठरवलंय. "तू हायस इथं, म्हणून घराची काळजी न्हाय मला."

कालिंदीनं त्याला भात वाढला.

निघायच्या दिवशी ती स्टेशनवर एकटीच गेली. सामान चढवून झालं. वसंत दारात उभा राहिला आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच म्हणाला, "आक्का, तुझं काय चाललंय, ते विचारायचंच ऱ्हायलं."

गाडी सुटायला चारपाच मिनिटं होती. तिनं विचार केला नाही, तोंडातून निघून गेलं.

"जयसिंगपूरच्या एका मास्तरांनी विचारलंतं मला. लग्नाचं. तुला विचारून सांगते म्हटलं मी."

वसंत बघतच राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला की तिला तो पाच-सहा वर्षांचा दिसला.

"मला काय विचारायचं त्यात? हो म्हणून टाकायचं की. जयसिंगपूर आता वाटेतच लागंल, माणूस तरी दाखवायचास." तो खाली उतरला आणि वाकून तिच्या पाया पडला. "मला वाटायचं, माझ्यामुळं तू एकटी ऱ्हायलीस. तिथं रात-रात तेच डोक्यात असायचं. आज लिव त्यांना. लिवशील न्हवं?"

तिनं त्याच्या खांद्यावरचा कोळशाचा कण झटकला.

"लिवते," ती म्हणाली.

गाडी हलली. वसंत वळणापर्यंत हात हलवत होता, आणि इतका मोकळा हसताना तिनं त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती बाहेर आली. तिला गाडीतून उतरलेली समजून एक टांगेवाला पुढं झाला.

"कुटनं आलासा, बाई? कुटं सोडू?"

घर चालत वीस मिनिटांवर होतं आणि ती नेहमी चालतच जायची. ती टांग्यात चढून बसली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "रंकाळा तळ्यावरनं घे. घाई न्हाय."