विचारायचं होतं ते

तोफेनं गाडीवरून आणलेली नूडल्सची प्लेट दोघींच्या मधे ठेवली, त्यात दोन काटे रोवले आणि म्हणाली, "आधी खा. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून माझ्यासमोर बसू नकोस."

मिरी हसली. काटा उचलला.

दोघींची ही नावं हॉस्टेलातली. एकीचा आवाज खालच्या मजल्यावरून गच्चीपर्यंत जायचा म्हणून ती तोफ, आणि दुसरी अंगानं एवढीशी पण जिभेनं तिखट म्हणून मिरी. पुढे तोफ याच गावात, याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चिकटली ती चिकटलीच. मिरी लग्न होऊन दूर गेली, तिथं तिनं शिवणकामाचं दुकान थाटलं. आणि आज ती आपल्या लेकीला त्याच हॉस्टेलात सोडून आली होती. तिची गादी घालून दिली, बादली-मग आणून दिले, खिडकीची कडी लागत नव्हती ती दोऱ्यानं बांधून दिली. मुक्काम तोफेकडे होता. सकाळी पहिल्या बसनं परत निघायचं होतं.

घाई होती ती डॉक्टरांमुळे. उजव्या काखेजवळ, छातीच्या कडेला गाठ लागली होती. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि उद्या दुपारी रिपोर्ट मिळायचा होता. नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला कळलं की सासूबाईंपासून धाकट्या नणंदेपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू झाले असते. लेकीला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. पोर बोचकं बांधून आईच्या मागोमाग घरी परतली असती.

तोफेला मात्र विचारायचं होतं. गाठीचा विषय न काढता, एवढंच की माझं काही कमीजास्त झालं तर पोरीकडे बघशील ना. येताना बसमध्ये तिनं हे वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण काट्याला गुंडाळलेल्या नूडल्स तोंडाशी येऊन सुटाव्यात तसं ते सुटत होतं.

"पोरीचं मला जरा..." तिनं सुरुवात केली.

"तिला शनिवारी घरी जेवायला बोलावलंय मी. पुढचं बोल."

मिरीनं काट्यावर पुढच्या नूडल्स गुंडाळल्या.

कॉलेजच्या मागच्या फाटकापासून मैदानापर्यंत ती खाण्याची गल्ली होती. विद्यार्थिनी असताना दोघींनी इथं महिन्याचे शेवटचे दिवस काढले होते, एका प्लेटमध्ये दोघी. आता हातगाड्या वाढल्या होत्या, दिवे वाढले होते, सायकलींच्या जागी स्कूटर आल्या होत्या. पोरं मात्र तशीच, पोटात आग असल्यासारखी खात होती. तोफ प्रत्येक गाडीवाल्याला ओळखत होती. तळलेले बटाटे घेता घेता तिनं कोणा नव्या प्राचार्यांची नक्कल केली, मग ॲसिड सांडून आपल्याच चपला जाळणाऱ्या एका पोराची गोष्ट सांगितली. मिरी योग्य जागी हसत होती आणि मनात भलतंच काही उकरत होती.

तिच्या दुकानाच्या उद्घाटनाला तोफ आली नव्हती. कावीळ झाली म्हणाली. त्यानंतर कितीतरी महिने साधा फोन नाही. मिरीनंही मग अबोला धरला होता. तो पुढं आपसूक विरघळला, पण डाग राहिला. आज तो आठवायचं काही कारण नव्हतं. तरी तिच्या मनात आलंच, की जी मैत्रीण आपल्या आनंदाच्या दिवशी फिरकली नाही, तिच्या भरवशावर पोर टाकायची? आणि हिच्यावर नाही तर मग कोणावर?

ऑम्लेटच्या गाडीवर मीठ वरच्या फळीवर होतं. मिरीचा उजवा हात थोडा उठला आणि परत खाली आला. तिनं डाव्या हातानं डबी काढली. तोफ ऑम्लेटकडे बघत होती. निदान मिरीला तसं वाटलं.

प्लेटा घेऊन दोघी मैदानाच्या बुटक्या भिंतीवर बसल्या. अजून पुरता अंधार पडला नव्हता.

"टाके ओढतायत का?" तोफेनं विचारलं.

"कसले टाके?"

"हात वर जात नाहीये तुझा."

"खांदा आखडलाय. दिवसभर मशीनवर बसून काय होणार दुसरं."

तोफेनं मान हलवली. ब्रेडचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"मी तुला कावीळ म्हणाले होते," ती म्हणाली. "तुझ्या दुकानाच्या वेळी. कावीळ नव्हती ती."

मिरीनं तिच्याकडे पाहिलं. सैल कुर्ता, त्यावर पसरून घेतलेली ओढणी. अर्धं आयुष्य बायकांची मापं घेण्यात गेलेली ती, आणि दुपारपासून हिच्याकडे तिनं नीट पाहिलंही नव्हतं. आपल्याच एका गाठीपुढे तिला जग दिसत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आत्ता सांगितलंस?"

मग तोफेनंच हळूहळू सांगितलं. एकटीच गेली होती, अशाच गाठीच्या ऑपरेशनला. कॉलेजात सांगितलं की गावी जातेय, गावी सांगितलं की परीक्षांचं काम आहे. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, तुझं कोणी नाही का गं? तेव्हा तिला मिरीची आठवण झाली होती. फोन हातात घेतलाही होता. पण मिरी नव्या दुकानाच्या आनंदात असेल, तिच्या दुधात मिठाचा खडा कशाला टाकायचा, म्हणून ठेवून दिला. पुढं बरी झाली, केस परत आले, आणि सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

"ते चुकलं माझं," तोफ म्हणाली. "ऑपरेशनपेक्षा ते एकटं बसणं जड गेलं."

मिरीनं प्लेट भिंतीवर ठेवली.

"उद्या रिपोर्ट आहे," ती म्हणाली. "दुपारी. तोफे, माझं काही झालं तर पोरीला..."

"ते मी कबूल करणार नाही."

"असं काय करतेस?"

"उद्या तुझ्याबरोबर येते. तेवढं कबूल."

"आणि प्रयोगशाळा?"

"एक दिवस पोरांच्या चपला वाचतील."

मिरी हसायला गेली आणि तिला रडू आलं. तोफेनं ओढणीचं टोक पुढं केलं, तिच्याकडे न बघता. पलीकडे पोरांचा कसलासा गलका चालला होता. तोफ तिकडे बघत होती, आणि एकाएकी तिनं मिरीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रस्त्याच्या पलीकडे, भाजक्या कणसांच्या गाडीपाशी मिरीची लेक उभी होती. बरोबर दोन अनोळखी मुली. तिघींच्या हातात कणसं होती आणि कशावरून तरी लेक पोट धरून हसत होती. मग तिनं कणीस मैत्रिणीच्या हाती दिलं, हात झटकले आणि फोन काढून गलक्यापासून जराशी बाजूला झाली.

मिरीच्या पर्समध्ये फोन वाजला.

"आई, जेवलीस का?" आवाज अगदी शहाण्या मुलीचा होता. "मी मेसमध्येच जेवले. आता खोलीवर आहे, पुस्तकं लावतेय. तू मुळीच काळजी करू नकोस हं."

"नाही करत," मिरी म्हणाली. डोळे पुसत ती पलीकडे बघत होती. लेक एका पायानं जमिनीवरचा खडा पुढंमागं करत बोलत होती.

"आणि तू? तू बरी आहेस ना? सकाळी गप्प गप्प होतीस."

मिरीनं तोंड उघडलं. मी मजेत आहे, हे शब्द जिभेवर तयार होते, रोजचेच. शेजारी तोफेनं चावणं थांबवलं होतं.

"उद्या रात्री फोन कर," मिरी म्हणाली. "निवांत. मला तुझ्याशी थोडं बोलायचंय."

पलीकडे खड्याशी खेळणारा पाय थांबला. पोरीनं बरं म्हटलं, फोन खाली घेतला आणि ती त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिली. मग मैत्रिणीनं तिचं कणीस पुढं केलं, तेव्हा ती वळली.