सोळा काचा

वीब्केने पाकीट इतक्या घाईने फोडलं की आतली यादी मधोमध फाटली. दोन्ही तुकडे टेबलावर जुळवून तिने बोट ठेवत ठेवत आकडे वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

काचा सोळा होत्या, प्रत्येकीवर उंदराच्या मेंदूचा पातळ काप. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, तिथला सगळा पसारा एक प्रथिन मचाणासारखा तोलून धरतं. त्या प्रथिनालाच नेमकं जाऊन चिकटणारं प्रतिपिंड कापावर सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली उजळलेले ठिपके मोजायचे, हेच वीब्केने चार वर्षं केलं होतं. या खेपेला आठ काप साध्या उंदरांचे होते आणि आठ अशा उंदरांचे, ज्यांच्या अंगात ते प्रथिन जन्मापासूनच नव्हतं. कुठला काप कुणाचा हे मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञ रोस्विताबाईंनी काचांवर नुसते नंबर टाकले होते आणि यादी पाकिटात बंद केली होती.

सोळाच्या सोळा काचा सारख्याच चमकल्या होत्या. जिथे चिकटायला काही नव्हतंच, तिथेही.

म्हणजे ते प्रतिपिंड भलत्यालाच चिकटत होतं. चार वर्षं आपण काय मोजत बसलो, देव जाणे. ही चाचणी आजवर कुणी केलीच नव्हती. प्रतिपिंडाची कुपी पहिल्यापासून फ्रीजमध्ये होती आणि जो तो आधीच्यावर विसंबून ती वापरत आला होता. परीक्षकाने तिच्या पीएचडीच्या प्रबंधावर एक ओळ खरडली नसती, तर वीब्केनेही केली नसती. तोंडी परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. ती घाबरली.

रोस्विताबाई आत आल्या, यादी पाहिली आणि स्टूल ओढून बसल्या. एकतीस वर्षं त्यांनी इथे काप काढले होते. येत्या शुक्रवारी त्यांचा निरोपसमारंभ होता.

"सगळे काप मी चुकून साध्या उंदरांच्या एकाच पेटीतून उचलले, असं सांगते," त्या म्हणाल्या. "मी तर चाललेच आहे. मला आता कोण काय बोलणार? तू परीक्षा उरकून घे."

"पण तुम्ही चुकलाच नाहीत."

"ते तुला नि मला ठाऊक, पोरी."

वीब्केने मान डोलावली. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला हायसंच वाटलं.

सोमवारी दहाच्या बैठकीला नऊ जण होते. कॉफी ओतून झाली, आलुबुखाराचा केक फिरला आणि वीब्केने चित्रं पडद्यावर लावली. प्राध्यापक ल्यूडर्स ती बराच वेळ पाहत राहिले. प्रयोगशाळा त्यांनीच उभी केलेली, नाव त्यांचंच. मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रोस्विता, काप उचलताना काही गडबड झाली का?"

रोस्विताबाईंनी कप खाली ठेवला. "झाली असणार. एकाच पेटीतून..."

"नाही," वीब्के म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "नाही. पेट्या मी बघून आले. दोन्हींतले आठ-आठ काप गेलेत. त्यांची काहीच चूक नाही. चूक कुपीतच आहे."

रोस्विताबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग मान खाली घातली. वीब्के टेबलाची कड धरून उभी होती. आता आपल्याला बाहेर थांबायला सांगतील, असंच तिला वाटत होतं.

ल्यूडर्सनी तिच्यावरून नजर काढून सगळ्यांवर फिरवली. ते खोलीला उद्देशून म्हणाले, "ही कुपी आणखी कुणाकुणाच्या कामात आहे?"

पहिला हात यानिकचा वर गेला. याच कुपीवर बेतलेला त्याचा लेख वसंतात छापून आला होता. मग खिडकीपाशी बसलेल्या दोघींचे. मग आणखी एक, अर्धवट, कोपरात दुमडलेला. ल्यूडर्सनी एकेका हाताकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि आपलाही हात वर केला.