अठ्ठावीस मीटर

हिवरखेडची आचल बारावीच्या क्लाससाठी अकोल्यात येऊन चार महिने झाले होते. खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं दिवाळीआधीच गाशा गुंडाळला. तेव्हापासून मेसवाल्या काकू सोडल्या तर दिवसभर तिच्याशी कुणी बोलत नसे. मग ती गणितं सोडवत बसे.

एका दुपारी तिच्यापुढे सरांनी दिलेलं उदाहरण आलं. ब्रेक लागून चाकं जाम झाली, गाडी घसरत थांबली, डांबरावर खुणा उमटल्या. त्या खुणांच्या लांबीवरून वेग काढायचा. कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला सेकंदी सात मीटरनं कमी होतो असं धरा, सर म्हणाले होते.

आचलनं छापलेली लांबी खोडून तिथं अठ्ठावीस लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचा, खुशालरावांचा, भाजीचा टेम्पो शेजारच्या तानुबाईला धडकला होता. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. पंचनाम्यात टेपचं एक टोक आचलनंच धरलेलं. खुणा अठ्ठावीस मीटर भरल्या आणि त्या संपल्या तिथंच तानुबाई पडली होती. गाडी चाळीसवर होती, बाई न पाहता मधात आली, असं खुशालरावांनी सांगितलं. गावानं ते मानलं. तानुबाईनंही मानलं.

सात दुणे चौदा, गुणिले अठ्ठावीस. वर्गमूळ विसाला जरा कमी, सेकंदाला तेवढे मीटर. म्हणजे ताशी एकाहत्तर किलोमीटर. तिनं उलटं करून पाहिलं. चाळीसवर असती तर गाडी नऊ मीटरच्या आत थांबली असती, तानुबाईपर्यंत पोचलीच नसती.

हे सांगावं असं अकोल्यात कुणीच नव्हतं. दोन दिवस ती तेच गणित पुन्हा पुन्हा करून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, गाडी चाळीसवर नोयती."



"कोनं सांगतलं तुले?"

"गणित करून पायलं."

"मले त्याच दिवशीपासून मालूम हाये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ दिवस घरून फोन आला नाही. रविवारी आई, आशाबाई, एकटीच डबा घेऊन आली. फोन झाला त्याच संध्याकाळी खुशालराव तानुबाईच्या घरी गेले आणि तिच्या पोरांसमोर सगळं बोलून आले, असं तिनं सांगितलं. पोरांनी कॉलर धरली, तानुबाईनं सोडवलं. दोन वर्षं काहून थांबले, एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात जबाब देऊन आले. आता गल्लीत कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

"तुले हेच गणित कराचं होतं?" आईनं विचारलं.

आचलनं डबा उघडून दोघींची ताटं वाढली. जेवणं झाल्यावर ती आईला सोडायला स्टँडवर गेली. बसमध्ये चढताना आई थबकली.

"तानुबाई आता अंगनात येऊन बसते," ती म्हणाली. "दोन वर्सं घरातून निंगाली नोयती, आपलीच चुकी म्हून लोकाईची लाज वाटे तिले."

बस अकोटमार्गे गावाकडे निघाली. आचल पायीच खोलीकडे वळली.