मला डॉक्टर म्हणा

डहाणूच्या बाजूला, उधवा गावाच्या पलीकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर दोन होते. एक बेंडाळे सर आणि दुसरी रविना. बेंडाळ्यांना झाडूवालीपासून सरपंचापर्यंत सगळे ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत आणि रविनाला रविना. डिग्री दोघांची सारखीच. पण सर बाहेरून बदलून आलेले आणि रविना तिथल्याच आदिवासी पाड्यावरची पोर. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

यात सगळ्यांत पुढे दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर चिमण. पेशंट समोर बसलेला असताना हा दारातून ओरडणार, “ए रविना, पंखा बंद कर गं जाताना!” मग तो पेशंट हातातली गोळी उलटीपालटी करून बघणार आणि विचारणार, “मोठे डॉक्टर कधी येतील?” वर्षभर तिने हे गिळलं. मग एकदा सगळे चहाला जमले असताना सरळ सांगून टाकलं, “उद्यापासून मला डॉक्टर म्हणायचं.”

चिमण हसला. “अगं, तुमच्या पाड्यात पोरगं बापालाही अरे-तुरे करतं. तुला कशाला पाहिजे मानपान?”

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पाड्यात अहो-जाहो नाहीच. शेंबडं पोरही म्हाताऱ्याला नावाने हाक मारतं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

“पाड्यात सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात, चिमणभाई,” ती म्हणाली. “इथे तुम्ही मला एकटीलाच करता. सरांना म्हणून बघा एकदा, ‘ए बेंडाळे’.”

सगळे चहात बघायला लागले. सरांनी कप खाली ठेवला आणि ते गोड आवाजात म्हणाले, “रविना, मान मागून मिळत नसतो, कमवावा लागतो. आणि आपण तर सगळे एक कुटुंब आहोत.” ज्याला खुर्चीबरोबर मान आयता मिळतो, त्याला असलं शहाणपण फार लवकर सुचतं. पुढे आठवडाभर चिमण तिला लांबूनच ‘डॉक्टऽऽर’ म्हणून हाक मारायचा आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. शेवटी तिनेच विषय सोडला. नावाने हाक मारली तरी काम तर होतंय, अशी स्वतःची समजूत घातली. तिथेच ती चुकली.

भातकापणीच्या दिवसांत रखमी बाळंतपणाला आली. रखमी तिची लहानपणची मैत्रीण, पाड्यातल्या हाल्याची सून. टेबलावर पडल्या पडल्या तिने रविनाचा हात धरला. “रवे, तू हायस ना, मंग माना भ्या नाय.” तिच्या तोंडचं ते ‘तू’ ऐकून रविनाला भरून आलं.

दुपारी मुलगी झाली. पोरगी ठणठणीत, पण रखमीचं रक्त थांबेना. रविनाने इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, हाताशी होतं ते सगळं केलं. आता रक्त चढवायला हवं होतं आणि ते डहाणूलाच मिळणार होतं. ती धावत बाहेर आली. “चिमणभाई, गाडी काढा. लगेच.”

“सर डहाणूला मीटिंगला गेलेत. त्यांना विचारल्याशिवाय गाडी नाय हलत.”

“मी सांगतेय ना!”

“तू सांगतेस गं. पण उद्या सरांनी झापलं तर?”

सरांचा फोन बंद होता. एकशेआठची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. रविना चिमणवर ओरडली, मग रडली, मग चक्क त्याच्या पाया पडली. तो आपला चावी बोटात फिरवत “लागला का फोन?” एवढंच विचारत राहिला. खूप उशिराने सरांचाच फोन आला. ते म्हणाले, “हो, घेऊन जा.” चिमणने गाडी अशी काही पळवली की विचारू नका. रविना मागे रखमीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डहाणूच्या वाटेवर, आशागडच्या अलीकडेच रखमी गेली.

गाडी परत आली तेव्हा दवाखान्याच्या अंगणात अख्खा पाडा उभा होता. कापणीवरून तसाच आलेला हाल्या सगळ्यांच्या पुढे होता. सरही पोचले होते. हाल्याने विचारलं, “डाक्टर कोण व्हता?”

“डॉक्टर रविना मॅडम,” बेंडाळे सर लगेच म्हणाले. “केस त्यांचीच. मी तर डहाणूला होतो.”

“हां, डॉक्टर मॅडमच होत्या,” चिमण म्हणाला. या वेळी तो हसला नाही आणि बाकीचंही कुणी हसलं नाही.

हाल्या रविनाकडे वळला. ज्याने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्या माणसाने तिला हात जोडले. “डाक्टर, गाडी तं हटं दारातच उभी व्हती. माझे सुनेला येळेवर काहाला नेली नाय?”

रविनाला राग आला, लाज वाटली आणि दोन्हींच्या वर भीती वाटली. खरं सांगायला एकच वाक्य होतं आणि ते सगळ्या पाड्यासमोर बोलायचं होतं. सर तिच्याकडे बघत होते, जरा आरामातच. ‘मला डॉक्टर म्हणा’ म्हणणारी बाई आपल्या तोंडाने आपला कमीपणा कबूल करणार नाही, याची त्यांना खात्री असावी.

“मी लगेच गाडी काढायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “पण माझं इथे कुणी ऐकत नाही.”

हाल्याने जोडलेले हात सोडले.

“मंग तू डाक्टर काहाची?” तो म्हणाला आणि रखमीला उतरवून घ्यायला गाडीकडे गेला.