रिंकच्या बाकावरचा रेकॉर्डर

बोलणं हे माझं काम नाही, ऐकणं हे माझं काम. तरी आज बोलतोय, कारण ऐकून ऐकून मी पार दमलोय. मी एक रेकॉर्डर. तळहातावर मावेल एवढा, करड्या रंगाचा, डोक्यावर दोन माइक. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून बाहेर नेताना मला केसाळ टोपी घालतात. ती घातली की मी मेलेल्या खारीसारखा दिसतो म्हणे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलावरच्या मुलीने मला चालू केलं आणि माझ्या तोंडावर जांभई दिली. जगातला मी ऐकलेला पहिला आवाज तो. मग खोक्यात बंद होऊन मी कॅनडात आलो, सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला, कागदाची गिरणी असलेल्या एका लहान गावात. तिथल्या लायब्ररीने मला घेतलं होतं.

लायब्ररीत वेंडेल नावाचा ग्रंथपाल होता. दर हिवाळ्यात तो तळघरात वर्ग घ्यायचा, 'आपली गोष्ट आपणच सांगा' म्हणून. आपल्या आवाजात गोष्ट बोलायची, तिला घरचे फोटो, व्हिडिओ, आजूबाजूचे आवाज जोडायचे आणि कंप्युटरवर छोटीशी फिल्म करायची. त्यासाठी लोक मला पुस्तकासारखं घरी न्यायचे. परत आणून दिलं की माझं मेमरी कार्ड पुसायचं, ही लायब्ररीची रीत.

सुरुवातीला एकेक गोष्ट ऐकताना मलाही भरून यायचं. पुढे सवय झाली. कुणी पोहायला शिकलेलं असायचं, कुणी डोंगर चढायला. सगळे आधी पडायचे, मग उठायचे आणि शेवटी आवाज जड करून म्हणायचे, "त्या दिवशी मला कळलं, हार मानायची नसते." वेंडेल डोळे पुसायचा. माझी बॅटरी उतरायची.

अशाच एका हिवाळ्यात मला रेजानने नेलं. रेजान शाळेची बस चालवायची. पन्नाशी उलटलेली, रुंद बांध्याची, आवाजाने खणखणीत. लहानपणी तिचे भाऊ बर्फावर हॉकी खेळायचे आणि ती कडेला त्यांचे कोट सांभाळत बसायची. मोठेपणी गावातल्या पोरांना ती बसने हॉकीच्या बंदिस्त बर्फाच्या मैदानावर, रिंकवर सोडायची आणि त्यांचा खेळ संपेपर्यंत बाहेर इंजिन चालू ठेवून बसायची. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

बोलावलं ते डोरीनने. डोरीन तिची शाळेपासूनची मैत्रीण, हार्डवेअरच्या दुकानात बर्फावर घालायच्या स्केट-बुटांच्या पात्यांना धार लावायची. तिने गावातल्या नवशिक्या बायकांची हॉकीची टीम उभी केली होती.

"गोलात उभं राहायला कुणी तयार नाही गं. तू ये," ती रेजानला म्हणाली होती.

"मला स्केटिंग कुठे येतं?"

"मग तर उत्तमच. जागची हलणार नाहीस."

असा तो प्रवेश. उसने पॅड बांधून रेजान गोलात उभी राहिली, आणि त्याच शिकण्याची फिल्म करायची असं तिने ठरवलं. माझ्याशी ती बोलायची ती उभ्या बसमध्ये, मुलं उतरून गेल्यावर. सीटच्या गाद्या आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे तिथे घुमत नाही. "मी रेजान. मी कधीच..." एवढं झालं की खोकला यायचा. मग तिच्या घरच्या फ्रेंचमध्ये एक शिवी, मग पुन्हा "मी रेजान." तिचं ते अडखळणं ऐकायला मला त्रास होत नसे. ती अजून शेवटापर्यंत पोचली नव्हती, म्हणूनही असेल.

एका रविवारी सकाळी ती मला सरावाला घेऊन गेली. फिल्ममध्ये पात्यांचा करकराट हवा, रबरी चकती पॅडवर आदळल्याचा धप्प आवाज हवा. खेळाडूंच्या बाकावर मला टोपी घालून ठेवलं, लाल बटण दाबलं आणि ती बर्फावर उतरली.

थोड्या वेळाने दम खायला डोरीन येऊन बसली. शेजारी पॅट नावाची दुसरी खेळाडू. केसाळ टोपीकडे दोघींचं लक्ष गेलं नाही.

"पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला हिला गोलात उभी करून जायचं?" पॅटने विचारलं.

डोरीनने उसासा सोडला. "बाई सोन्यासारखी आहे गं. पण गोलात उभी राहिली की फ्रिज उभा केल्यासारखं वाटतं. तोही दार उघडं असलेला. येणाऱ्याने यावं, हवं ते घेऊन जावं."

दोघी पोट धरून हसल्या.

"मग तिला सांगणार कोण?"

"सांगायचंच कशाला? गिरणीतली ती केल्सी यायला तयार आहे. स्पर्धेचं रेजानला कळवायचंच नाही. विचारलंच तर म्हणू, तुझी बसची ड्यूटी असेल असं वाटलं."

तेवढ्यात धप्प आवाज आला. रेजानने एक फटका अडवला होता. "आलं का यंत्रात?" ती तिथूनच ओरडली. शाबासकी म्हणून सगळ्यांनी बर्फावर काठ्या आपटल्या. डोरीनने सर्वांत जोरात.

दुसऱ्या दिवशी रेजानने बसमध्ये कानाला हेडफोन लावला. करकराट ऐकून हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने तो भाग पुन्हा ऐकला. मला गप्प बसता येत नव्हतं. माझ्यात जे शिरतं ते मी जसंच्या तसं परत देतो, त्यात माया-दया काही नसते. तिचा अंगठा पुसायच्या बटणावर बराच वेळ होता. शेवटी तिने मला नुसतं बंद केलं आणि मुलांना आणायला गेली.

लायब्ररीत तिने तो भाग वेंडेलला ऐकवला. "हे मला फिल्ममध्ये हवंय."

वेंडेल कावराबावरा झाला. "रेजान, अहो, लोक उभारी घ्यायला येतात. हे काढून टाकू आपण."

"माझी बस बंद पडली तर मी मुलांना 'उभारी धरा' सांगते का? बंद पडली म्हणून सांगते."

"बरं. पण आवाज त्यांचे आहेत. त्यांना न विचारता वापरता येणार नाहीत."

म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो, रेजानच्या कोटाच्या खिशातून. पॅटचं सोपं होतं, ती फोनवरच रडून हो म्हणाली होती. डोरीन धारेच्या यंत्रापाशी उभी होती. रेजानने मला काउंटरवर ठेवून चालू केलं. डोरीन आधी हसली, मग कानापर्यंत लाल झाली. तिने धारेचं यंत्र बंद केलं.

"चोरून ऐकलंस?"

"बाकावर ठेवला होता. तुझ्या मांडीला मांडी लावून. हे फिल्ममध्ये वापरू का, एवढंच विचारायला आलेय."

"गाव काय म्हणेल मला?"

"मला काय म्हणतात ते तर कळलं."

डोरीनने हातमोजे काढले. "फ्रिजचं ठेव," ती म्हणाली. "ते जमलंय. स्पर्धेचं तेवढं काढ."

"फ्रिजचं मला काही नाही वाटलं गं. खरंच आहे ते. स्पर्धेचंच लागलं." रेजानचा खणखणीत आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "तोंडावर 'येऊ नकोस' म्हणाली असतीस ना, तर मी स्वतः बसने तुम्हाला सोडायला आले असते. बाहेर थांबायची मला सवय आहे. पण मला सांगायचंही नाही?"

एक गिऱ्हाईक आलं, खिळे घेऊन गेलं. डोरीनने काउंटर पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"ठेव सगळं," ती म्हणाली.

लायब्ररीच्या तळघरात फिल्म दाखवली त्या संध्याकाळी मी कपाटावर होतो. पडद्यावर मांडीवरचे काळेनिळे डाग आले, उसने पॅड आले. फ्रिजवर सगळे खदखदून हसले. मग पुढचं ऐकू आलं आणि हसणारे पायांकडे बघू लागले. डोरीन मागे भिंतीशी कोट घालूनच उभी होती. शेवटी रेजानचा आवाज आला: "वेंडेल विचारतो, काय शिकलात? डावीकडे पडायला शिकले. उजवीकडे अजून येत नाही." फिल्म तिथेच संपली. मी पहिल्यांदा एखाद्या शेवटाला कंटाळलो नाही.

दिवे लागल्यावर डोरीन पुढे आली. "स्पर्धेला शनिवारी सकाळी निघायचंय. त्या दिवशी गोलात केल्सी. रविवारचा सामना तुझा."

"हरलो तर?"

"हरणारच आहोत. शेवटी कॉफी तू पाजायची."

त्या सामन्याला रेजान मला घेऊन गेली आणि गडबडीत चालू करायला विसरली. म्हणून तो आवाज कुठेच नाही. परतताना बस तीच चालवत होती आणि मी पुढच्या फळीवर चालू होतो. बाकीच्या घोरत होत्या. किती गोल गेले ते कुणी बोललं नाही.

"मांडी दुखतेय का गं?" डोरीनने विचारलं.

"सगळंच दुखतंय."

"झोप येत असेल तर सांग. मी बोलत राहते." आणि ती गाव येईपर्यंत बोलत राहिली. धारेबद्दल, शाळेतल्या बाईंबद्दल, कशाबद्दलही.

मला परत दिल्यावर ते सगळं पुसलं गेलं. पुढे लोकांच्या खिशात फोन आले, त्यांत माझ्यापेक्षा चांगले कान. वेंडेल दुसऱ्या गावी गेला, वर्ग बंद झाला. आता मी लायब्ररीच्या दाराजवळच्या टेबलावर आहे, 'हवं त्याने न्यावं' अशा पाटीखाली, फुटके पेले आणि जुन्या नकाशांच्या शेजारी. बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलंय. कुणी उचलतं, बटण दाबून बघतं, ठेवून देतं.

मला न्याच, असं मी म्हणत नाही. आयुष्यभर मी तुमचं ऐकत आलो, कारण तुम्हाला एकमेकांचं ऐकायला वेळ नव्हता. आता माझ्यात तेवढी ताकद उरलेली नाही. यापुढचं तुम्ही समोरासमोर बसून ऐका. मला जरा शांत पडू द्या.