भिंतीवरचे निळे गोल

निकिताने उष्णता टिपणारा कॅमेरा डोळ्यांसमोर धरला, भिंतीच्या कडेकडेने थोडी सरकली आणि मध्येच थांबली.

“काय झालं मॅडम?” धनश्रीने विचारलं.

“इथून गारवा बाहेर येतोय.”

दूध थंड ठेवायच्या नव्या खोलीची ती भिंत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती केशरी दिसत होती आणि तिच्यावर ओळीने निळे गोल उमटले होते. आतला थर्माकोलचा थर जिथे तुटलेला असेल तिथे भिंत बाहेरूनही गार पडते, कॅमेऱ्याला ते दिसतं, असं निकिताने समजावलं. ती नगरहून तपासणीला आली होती. भिंतीवर ऊन यायच्या आत हे काम उरकावं लागतं, म्हणून उजाडताच हजर.

तिसगावात गवंड्यांचा काही दुष्काळ नव्हता. तरी बचत गटाच्या बैठकीत ही खोली बांधायला धनश्रीनेच हट्टाने आपल्या वडिलांचं नाव पुढे केलं होतं. माहेरचा माणूस सासरच्या गावात कामाला आला की अख्खं गाव त्याच्या विटा तपासत बसतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बापाच्या हातावर तिचा भारी विश्वास. आता त्याच हातांची सगळ्यांसमोर शोभा होणार होती आणि तिला रडू आवरत नव्हतं.

तिचे वडील, गोरक्षनाथ, शेजारीच उभे होते. त्यांनी पडदा नीट पाहिला. मग पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

“अण्णा, काय करताय?”

“फोडून बघतो. चुकलं आसंल तर माज्याच हातानं फोडीन.”

“काका, थांबा जरा, मला अजून आतून बघायचंय,” निकिता म्हणाली. पण त्यांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. त्यांनी एका निळ्या गोलाच्या जागी छिन्नी टेकवली.

“इवाई, हात आवरा!”

धनश्रीच्या सासूबाई, पुष्पावती, अंगणातून तरातरा आल्या. व्याह्यांसमोर एरवी त्यांचा आवाजही निघत नसे.

“म्या गोवऱ्या थापल्या हुत्या तितं.”

गोरक्षनाथांनी छिन्नी मागे घेतली.

“धनश्रीनं बजावलं हुतं, भितीला हात लावू नका म्हून. पर ऊन लई चांगलं येतं हितं. आज मानसं यायची म्हून पहाटं समद्या काडल्या, त्यांचं डाग तेवढं धुतलं. भीत वरून सुकल्यावानी दिसती, पर आत वल आसंल.” त्यांनी पदर सावरला. “माजंच चुकलं. त्यांच्या कामाला बोल लावू नका.”

निकिताने भिंतीवर तळहात ठेवला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली आणि कॅमेरा घेऊन खोलीत शिरली. धनश्री दाराकडे टक लावून उभी राहिली. गोरक्षनाथांच्या हातातली छिन्नी तशीच होती.

निकिता बाहेर आली ती हसतच.

“आतून सगळी भिंत एकसारखी आहे. थर तुटला असता तर तिथेही दिसला असता. ही नुसती ओल आहे, ओली जागा गार दिसते. मीच आधी हात लावून बघायला हवं होतं. खोली पास आहे काका.”

धनश्री ओट्यावर बसली. इतकं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. सासूबाई गप्प राहिल्या असत्या तर त्यांना कोणी विचारणारही नव्हतं, हे मात्र तिच्या मनातून जाईना. तिने सरकून त्यांना बसायला जागा केली. त्या बसल्या.

गोरक्षनाथांनी छिन्नी पिशवीत टाकली. खाकरून ते म्हणाले, “इहीनबाई, गोठ्यामागं येक भीत बांदून देतो. तुमच्या गोवऱ्यांपुरती.”

“बांदा की,” पुष्पावती म्हणाल्या. “पर आशीच बांदा. हिच्यावरची येक बी गोवरी काडताना मोडली न्हाई.”